पाडी उधळते, पिल्लं चावतात, पोर घरात टिकत नाही: ही सगळी खेळतात तरी कशाला?

प्रश्न देवगडच्या बाजूच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घरी चार महिन्यांची पाडी, कुत्र्याची सहा आठवड्यांची तीन पिल्लं आणि सहा वर्षांचा मुलगा. संध्याकाळी पाच वाजले की पाडी शेपूट उभारून खळ्यात गरगर धावते, पिल्लं एकमेकांच्या नरड्याला लागतात आणि मुलगा दगडी गडग्यावरून उड्या मारतो. सासरे म्हणतात, पाडीला आखूड दावं लावा, अंगातली रग अंगात राहू द्या, पुढे दुधाला कामी येईल. नवरा म्हणतो, पोराला क्लास लावा. त्यात एक पिल्लू पाहुण्यांना द्यायचं कबूल झालंय. ताई विचारतात, "यांना यातून मिळतं काय, आणि थांबवलं तर बिघडतं काय?"

ताई, मी गेली सव्वीस वर्षं गुरांची डॉक्टर म्हणून काम करते, आधी रत्नागिरीकडे आणि आता सिंधुदुर्गात. लहान जनावर दाखवायला आणलं की थर्मामीटर लावायच्या आधी मी एकच विचारते, "खेळतंय का?" खातंय का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, कारण चार काड्या कुठलंही जनावर चघळतं. खेळाचं तसं नाही. काहीही बिघडलं की पहिला बंद होतो तो खेळ. वैरणीवरून तोंड फिरवणं आणि ताप येणं त्याच्या मागून येतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका वाडीत म्हशीला बघायला गेले होते. शेजारीच तिचं दोन महिन्यांचं रेडकू भिंतीला टेकून उभं. मालक कौतुकाने म्हणाला, "ह्या मात्र गरीब हा हां बाईनू, कायएक मस्ती नाय." दोन महिन्यांचं रेडकू आणि मस्ती नाही! पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरी फटक. पोट घागरीसारखं, केस राठ. जंतांनी आतून पोखरलं होतं. रेडकांना आईच्या दुधातूनच गोल जंत होतात, त्यामुळे जन्मल्यावर दोन-तीन आठवड्यांतच औषध पाजावं लागतं, ते राहून गेलं होतं. जंताचं औषध दिलं, दूध वाढवायला सांगितलं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा त्याच रेडकाने माझी बॅग लाथेने उडवली आणि इंजेक्शनच्या दोन बाटल्या फोडल्या. मालक ओशाळला. मी मात्र त्या दिवशी फी घेतली नाही.

माझा हा नुसता अंदाज नाही. वासरांवर झालेल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. शिंगांचे कोंभ डागले की वासरांचं हुंदडणं कमी होतं, आणि दुखणं थांबवणारं औषध दिलं तर तेवढं कमी होत नाही. दूध तोडलं की खेळ घटतो. दूध कमी पाजलेली वासरं भरपूर प्यायलेल्यांपेक्षा कमी धावतात. तेव्हा सासऱ्यांना सांगा, पाडी उधळते म्हणजे तिचं पोट भरतंय, कुठे दुखत नाहीये आणि तिला कसली भीती नाही. तीन तपासण्या फुकटात झाल्या.

आता रग साठवायचं बघू. ही समजूत आपल्याकडचीच नाही. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने असंच काहीसं मांडलं होतं: जगण्याच्या खटपटीतून उरलेली शक्ती खेळात सांडते. यातलं अर्धं खरं आहे. ज्याच्याकडे उरतं तोच खेळतो, हे मी रोज बघते. पण उरलेलं सांडायला जनावर नुसतं गोलगोल चाललं असतं तरी भागलं असतं. उडी मारून हवेत कंबर वळवायची, मागचे पाय तिरके झाडायचे, एकदम थांबायचं आणि उलट दिशेला सुटायचं, हे कशासाठी? शिवाय दमून धापा टाकणारं पिल्लू दुसऱ्याने कान ओढला की पुन्हा उठतंच. तेव्हा त्याच्याकडे काय शिल्लक असतं? आणि रग दुधासाठी साठते हे तर साफ खोटं. पाडीचं पुढचं दूध तिच्या जातीवर, आत्ताच्या पोटभर दुधावर आणि नंतरच्या चाऱ्यावर ठरतं, दाव्याच्या लांबीवर नव्हे.

दुसरं उत्तर तुम्हाला कुठलाही शिक्षक देईल: खेळ म्हणजे मोठेपणच्या कामाची तालीम. कार्ल ग्रोस या जर्मन अभ्यासकाने ते १८९६ मध्ये नीट मांडलं. मांजरीचं पिल्लू चपलेवर दबा धरतं, कारण पुढे उंदीर मारायचा आहे. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कुणी तपासून बघायच्या भानगडीतच पडत नाही. १९८० च्या सुमारास टिम कॅरो या प्राणी-अभ्यासकाने तपासलं. काही मांजरपिल्लांना खेळायला वस्तू दिल्या, काहींना दिल्या नाहीत. मोठेपणी दोन्हीकडची मांजरं शिकार सारखीच करत होती. आफ्रिकेतल्या मीरकॅट नावाच्या मुंगसाच्या भाऊबंदांवर पुढे अभ्यास झाला. लहानपणी जास्त कुस्ती खेळलेले मोठेपणीच्या खऱ्या मारामाऱ्या जास्त जिंकत नव्हते. म्हणजे 'आज जे खेळशील ते उद्या येईल' हा सरळ हिशोब जमत नाही. मला स्वतःला हे वाचून बरं वाटलं, कारण गोठ्यात उभं राहून मला तो कधीच पटला नव्हता. पाडी जे करते त्याचा मोठ्या गाईच्या आयुष्यात काडीचा उपयोग दिसत नाही. वाघ मागे लागला आणि गाय अशी तिरक्या लाथा झाडत गोल फिरली तर तिसऱ्या फेरीत संपली.

मग? माझ्या अनुभवाशी सगळ्यात जवळ जाणारं उत्तर २००१ मध्ये तिघा प्राणी-अभ्यासकांनी मिळून मांडलं: मारेक श्पिन्का, रूथ न्यूबेरी आणि मार्क बेकॉफ. त्यांचं म्हणणं असं की खेळणारं पिल्लू ठरावीक कामाची तालीम करत नाही. ते मुद्दाम स्वतःचा तोल घालवतं आणि मग सावरतं. घसरणं, पडणं, उताणं होणं, अचानक कुणाच्या तरी तावडीत सापडणं, या सगळ्याची ते सवय करून घेतं. शरीराला आणि मनालाही. त्यामुळे खरोखर पाय घसरेल त्या दिवशी ते घाबरून गोठून जात नाही.

हे पटायला शेळ्यांची करडं बघावीत. आमच्या भागात कोकण कन्याळ शेळ्या आहेत. काळ्या अंगाच्या, तोंडावर पांढरे पट्टे, कान लांब. एका घरी दुपारी चहा पिता पिता मी त्यांची तीन करडं बघत होते. गडग्याचा वरचा एक चिरा सुटलेला, पाय ठेवला की डुगडुगायचा. बाकी गडगा पक्का होता, उडी मारायला हवी तेवढी जागा होती. तरी तिघंही त्याच चिऱ्यावरून उडी मारायची. एक चढलं, चिरा हलला, चारही पाय एका जागी गोळा करून क्षणभर थांबलं, मान झटकली आणि हवेतच अंग पिळून उतरलं ते कुशीवर पडलं. उठलं आणि पुन्हा तिथेच. दुसऱ्याने त्याला डुशी देऊन खाली लोटलं आणि स्वतः वर जाऊन उभं राहिलं. त्यांची आई पलीकडे फणसाची पानं खात होती. तिने जाताना तो चिरा बरोब्बर टाळला. शहाणपण आलेली शेळी जे टाळते, करडू तेच शोधतं.

मान झटकण्यावर लक्ष ठेवा, पाडीतही दिसेल. धावताना मान अशी वाकडी केली की पुढचं नीट दिसत नाही, तोल जातो. गरज नसताना केलेली ही स्वतःची अडचण म्हणजे खेळाची खूण.

आता पिल्लांचं, कारण तिथे चावणं आहे आणि तुमची काळजी खरी तिथेच आहे. पिल्लांच्या कुस्तीत एक मूक करार असतो. पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून पिल्लू वाकतं ना? मोठे कुत्रेही करतात. त्याचा अर्थ, 'आता जे करीन ते खोटं समज.' बेकॉफनी १९९५ मध्ये दाखवलं की कुत्रे, लांडगे आणि कोयोटी (लांडग्याचे अमेरिकेतले भाऊबंद) यांच्यात हे वाकणं कुठेही उगाच येत नाही. चावून डोकं जोरात हलवण्याच्या आधी किंवा नंतर ते जास्त येतं, म्हणजे जिथे गैरसमज होऊ शकतो नेमकं तिथे. दुसरी गोष्ट, दांडगं पिल्लू मुद्दाम उताणं पडतं, धाकट्याला वर चढू देतं. अगदी निम्मेनिम्म वाटप नसतं, पण दरवेळी आपणच वरचढ राहणाऱ्याशी कुणी खेळायला येत नाही. तिसरी गोष्ट तोंडाची. एकाने जरा जास्त जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ तिथेच थांबतो. खेळ थांबणं हीच शिक्षा. दिवसातून पन्नास वेळा असं झालं की दात किती रुतवायचे याचं माप पिल्लाच्या जबड्यात बसतं.

हे माप भावंडांइतकं चांगलं माणूस शिकवू शकत नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गोठ्यात पाच पिल्लं झाली होती. मालक म्हणाला, एक न्या. मुलगी मागे लागली होती. पिल्लू सव्वीस दिवसांचं. लहान असतानाच आणलं की चांगलं माणसाळतं, असं तेव्हा सगळे म्हणत आणि डॉक्टर असून मीही तेच म्हणत होते. वाघ्या माणसाळला खरंच, अंगाखांद्यावर वाढला. पण त्याचं तोंड कठोर राहिलं. प्रेमाने हात तोंडात धरायचा तरी वळ उठायचे. आठ महिन्यांचा असताना सुट्टीला आलेल्या भाच्याशी खेळता खेळता त्याच्या मनगटात दात रुतवले. रक्त काढलं, पोराला इंजेक्शनं घ्यावी लागली. वाघ्याला राग आला नव्हता. शेपूट हलत होतं, पोरगं का रडतंय तेच त्याला कळेना. ज्या तीन-चार आठवड्यांत भावंडांनी त्याला हे शिकवलं असतं, ते आठवडे मी काढून घेतले होते. पुढे बारा वर्षं जगला बिचारा. लहान मुलं आली की बांधावा लागायचा.

हे फक्त कुत्र्यांत नाही. यावर सगळ्यात खोल काम पांढऱ्या उंदरांवर झालंय, कॅनडातले सर्जिओ पेलिस त्यात मोठे. उंदरांची पोरं कुस्ती खेळताना एकमेकांच्या मानेला नाक लावायला बघतात. खऱ्या भांडणात चावा पाठीमागे, ढुंगणाच्या बाजूला घेतात. म्हणजे लांबून सारखं दिसलं तरी खेळ आणि भांडण मुळातच वेगळे. ज्या उंदरांना लहानपणी सवंगडी मिळाले नाहीत ते मोठेपणी अनोळखी उंदराला सामोरे जाताना गोंधळतात. जिथे गप्प बसायचं तिथे अंगावर जातात, साध्या स्पर्शानेही दचकतात. मेंदूचा पुढचा भाग, स्वतःला आवरण्याचा, खेळलेल्या आणि न खेळलेल्या उंदरांत वेगळा घडलेला दिसतो. गंमत अशी की जन्मल्याबरोबर मेंदूचं वरचं आवरण काढून टाकलं तरी उंदराची पोरं खेळतातच. खेळाची ओढ त्याहून जुनी, खोलवरची आहे. मेंदूचे अभ्यासक याक पँकसेप यांना तर १९९० च्या दशकाच्या शेवटी आढळलं की खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. माणसाचा कान २० च्या वर ऐकत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे मागे ते उंदीर फिरायचे.

तुम्ही विचारलंत, मिळतं काय. मी आधी जातं काय ते सांगते, म्हणजे किंमत कळेल. पेरूच्या किनाऱ्यावर सीलच्या पिल्लांचा अभ्यास रॉबर्ट हारकोर्ट यांनी १९९१ मध्ये छापला. तिथे सी-लायन हा मोठा प्राणी सीलची पिल्लं पकडून खातो. डोळ्यांदेखत मारली गेलेली पिल्लं होती २६. त्यातली २२ मारली गेली तेव्हा उथळ पाण्यात खेळत होती. दिवसाचा अगदी थोडा वेळ खेळात जायचा, तरी मरणाचा मोठा वाटा त्या थोड्या वेळात. खेळात पिल्लाचं लक्ष नसतं, आवाज होतो, आईपासून लांब जातं. आपल्याकडे बिबट्या अंगणातून पिल्लू उचलतो तेही बहुतेक असंच. एवढं महागात पडणारं काही जर निसर्गात टिकून राहिलं असेल, तर त्याची परतफेड तेवढीच मोठी असणार.

ती परतफेड थोडी मोजलीही गेली आहे. अलास्कातल्या ॲडमिरल्टी बेटावर रॉबर्ट आणि जोहाना फेगन या जोडप्याने कित्येक उन्हाळे अस्वलांची पिल्लं पाहिली. पहिल्या उन्हाळ्यात जी जास्त खेळली ती पुढे जास्त जगली, आणि आईची तब्येत किंवा नदीतले मासे जमेला धरूनही हा फरक उरला. न्यूझीलंडमधल्या रानटी घोड्यांतही तेच दिसलं. जास्त खेळणाऱ्या शिंगरांच्या आया मात्र जास्त वाळल्या होत्या. हे वाचून मला गावातल्या सगळ्या आया आठवल्या.

सगळेच प्राणी खेळतात असंही नाही. वेळासला कधी कासवांची पिल्लं सोडताना पाहिलीत का? मंडणगड तालुक्यातलं ते गाव आता कासवांसाठीच ओळखलं जातं. पन्नासएक दिवस वाळूत उबवलेलं अंडं फुटतं आणि ते तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू तडक पाण्याकडे निघतं. वाटेत दुसऱ्या पिल्लाला धक्का देत नाही, शिंपल्याशी थांबत नाही, मागे वळत नाही. त्याला आई भेटणारच नाही. सगळं शहाणपण अंड्यातून घेऊनच आलंय, चुकायची सवलत नाही. खेळायला कुणाचा तरी पहारा लागतो, दुसऱ्याने मिळवलेलं अन्न लागतं. अमेरिकेतले प्राणी-अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी याच दिशेने विचार केला. त्यांनीच वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका आफ्रिकी मऊ पाठीच्या कासवाची गोष्ट नोंदवली. एकटेपणाला कंटाळून ते स्वतःचेच पाय चावत असे. त्याला चेंडू आणि रबरी पाइप दिला तर ते तासन्तास त्यांच्याशी झटापट करू लागलं. खायची ददात नाही, भीती नाही, आणि वेळच वेळ. कासवालाही खेळ सुचला.

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव हे समुद्रपक्षी येतात, त्यांच्याबद्दलही एक सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे कुरव शिंपले उंचावरून खडकावर टाकून फोडतात. तरणे पक्षी मात्र टाकलेला शिंपला खाली पडायच्या आत सूर मारून परत पकडतात. आणि हे ते मऊ जमिनीवर, वारा असेल तेव्हा जास्त करतात, म्हणजे शिंपला फोडायचा नसतोच. यंदा तुमच्या मुलाला दाखवा, आपल्याकडचे करतात का.

मुलाकडे येते. माणसाच्या पोरात वरचं सगळं आहेच: गडग्यावरून उडी म्हणजे करडाचा चिरा, कुस्ती म्हणजे पिल्लांची कुस्ती. पोरं खरंच भांडतायत की खेळतायत ते ओळखायची सोपी रीत म्हणजे संपल्यावर बघणं. खेळ असेल तर पुन्हा एकमेकांना चिकटतात, भांडण असेल तर दोन दिशांना जातात. त्याखेरीज माणसात एक वेगळं येतं, दीडेक वर्षापासून: 'समज, ही करवंटी म्हणजे टोप.' भातुकली, घर-घर, दुकान-दुकान.

मालवणजवळच्या एका पुळणीत मी एकदा पोरांची रापण पाहिली. फाटक्या जाळ्याचा तीन-चार हात तुकडा, दोन्ही बाजूंना काथ्याची दोरी. दोन रांगा करून ओढत होती, मोठे ओढतात तशीच, कंबर मागे टाकून. आत चपला, करवंट्या आणि एक लहान भाऊ, हा मासा. मग त्या धाकट्याने संप केला, "मी रोज मासो व्हतलंय नाय." पाच मिनिटं रापण बंद. बरीच वादावादी होऊन ठरलं की ज्याची दोरी हातातून सुटेल तो पुढचा मासा. आणि ऐका, दोरी सुटलेला सगळ्यात दांडगा पोरगा मुकाट जाळ्यात जाऊन आडवा झाला. घरी आईने दहा वेळा सांगितलं तरी आंघोळीला न उठणारा! रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की १९३३ मधल्या एका व्याख्यानात हेच सांगत होते: खेळात मूल स्वतःच्या रोजच्या वागण्यापेक्षा डोकंभर उंच असतं, कारण नियम त्याला हवासा वाटतो. कुणा मोठ्याने शिट्टी घेऊन तो नियम केला असता तर पोरगा गेला असता का? मला शंका आहे.

म्हणून क्लासबद्दल माझं मत विचाराल तर, क्लास वाईट म्हणून नाही, पण तो संध्याकाळी पाचचा नको. अभ्यासात मागे पडेल ही भीती समजते. पण खेळातूनही शिकणं होतं, आणि कोकणाला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही, ताई. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे यांवरच पोरांना शिकवलं. अंगणवाडी हा शब्द आणि ती रीत तिथलीच. गुरं राखणारी वारली पोरं शाळेत येईनात, तर अनुताईंनी शाळाच कुरणावर नेली. मे महिन्यात तुमचा मुलगा काजूच्या बियांचा डाव खेळत असेल. नेम, मोजणी, कर्जाऊ बिया, कोण किती हरला याची तोंडी वही, सगळं त्यात आहे. फक्त त्यात मोठ्यांनी शिरून शिकवायला जाऊ नका, पोरं लगेच बिया उचलून निघून जातात.

आता करायचं काय. पाडीला रोज निदान तासभर मोकळं सोडा. फक्त खळं शेणाने सारवलेलं ओलं असेल किंवा गुळगुळीत फरशी असेल तर नको. घसरून मागचे पाय फाकले तर जन्माचं दुखणं. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो करा. लोढणं बांधू नका. एक लक्षात ठेवा, सगळी चुळबुळ खेळ नसते. बांधलेलं वासरू तासन्तास जीभ गोल फिरवत बसतं किंवा दुसऱ्याचे कान, बेंबी चोखत राहतं, ते चोखायची भूक न भागल्याचं किंवा कंटाळ्याचं लक्षण. खेळ सारखा बदलत असतो. ते मात्र यंत्रासारखं एकच एक चालतं.

पिल्लांचं चावणं चालू द्या. केकाटल्यावर सुटका होत असेल तर काळजी नाही. एकच पिल्लू सतत खाली दाबलं जात असेल तर दाबणाऱ्याला जरा उचलून धरा. खालचं परत त्याच्याकडे धावलं तर खेळ होता, लपून बसलं तर नव्हता. मुलगा पिल्लांत असताना घरातलं कुणी मोठं जवळ असू द्या. आणि हे मात्र हसण्यावारी नेऊ नका: कालपर्यंत खेळणारं पिल्लू एकाएकी कोपऱ्यात दडायला लागलं, लाळ गळायला लागली, आवाज बदलला, काठी-दगड काहीही चावायला लागलं, तर तो खेळ नाही, रेबीज असू शकतो. त्याला हात लावू नका, मला किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर 'घरचंच आहे' म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस विचारा. पिल्लांना तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या.

गडग्याचं म्हणाल तर खालच्या बाजूचे सुटे चिरे, काटे, काचा तेवढ्या काढा. उंची तो स्वतःच ठरवेल. आधी खालच्या पायरीवरून मारली असेल, आता वरच्या. पोरं आपल्या अंदाजाच्या चार बोटंच पुढे जातात, खरी पडझड होते ती कुणी "मार की!" म्हणून चिथावल्यावर.

राहिलं ते पाहुण्यांना द्यायचं पिल्लू. आता सहा आठवडे झालेत म्हणता. आणखी दोन आठवडे देऊ नका. पाहुणे रागावले तर माझं नाव सांगा, म्हणावं डॉक्टरबाईंनी सांगितलंय, त्याचं शिक्षण अजून पुरं झालेलं नाही.